स्वस्ताईलाही भांडवल लागते

भाववाढीच्या काळात मनुष्य खरेदी आखडती घेतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. खरेदी आखडण्यापूर्वी मनुष्य खरेदीची जागा बदलून पाहतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाण्याच्या वहीत खाते होते त्याचा उंबरठा सोडून जळगाव-धुळ्यातील नोकरदार कुटुंबे आता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सवलतीच्या मोठ्या दालनांकडे वळू लागली आहेत. छापील किमतीपेक्षा चार पैसे कमी पडतात, ही त्यांची भावना निराधार नाही. प्रश्न एवढाच की, ही स्वस्ताई नेमकी कोणाच्या वाट्याला येते?

त्याचे उत्तर सवलतीच्या उगमाशी सापडते. राधाकिशन दमाणी यांनी 2002 साली मुंबईत पवई येथे ‘डी-मार्ट’चे पहिले दालन उघडले. या साखळीची रीत पुष्कळ अभ्यासली गेली आहे. शक्य तेथे जागा स्वतःच्या मालकीची ठेवायची, जलद खपणारा मोजकाच माल मांडायचा आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून भावात सूट मिळवायची. म्हणजे गिऱ्हाइकाला मिळणारी सवलत ही मुळात रोख पैशाला मिळालेली सवलत असते. हाच न्याय पुढे गिऱ्हाइकालाही लागू होतो. पाच किलोची पिशवी किंवा ‘दोनांवर एक फुकट’ ही योजना त्याच्याच उपयोगाची, ज्याच्या खिशात त्या दिवशी तेवढी रोकड आहे.

खानदेशाला हे तत्त्व नवे नाही. उन्हाळ्यात गहू, दादर ज्वारी, तूरडाळ आणि मिरची यांची वर्षाची बेगमी करणे हा येथील गृहस्थीचा जुना परिपाठ. माल निघतो तेव्हा भाव उतरलेला असतो, हे शास्त्र आमच्या आजीबाईंना कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. तथापि ज्याच्या घरी कोठी भरण्याइतका पैसा नव्हता, तो पावसाळ्यात चढ्या भावाने पायलीपायलीने धान्य घेई. कोठीची जागा आज ढकलगाडीने घेतली. भेद मात्र तोच राहिला.

महिन्याच्या एक तारखेला पगार हाती येणारा लिपिक आणि जळगावच्या डाळमिलमध्ये हमाली करणारा किंवा धुळ्यात यंत्रमागावर राबणारा रोजंदारी कामगार यांची तुलना करावी. समजा, एक किलो चहा 400 रुपयांना आणि शंभर ग्रॅमचा पुडा 50 रुपयांना मिळतो. लिपिक किलोचा पुडा घेतो. ज्याचे हातावर पोट आहे तो शंभर ग्रॅमचे दहा पुडे दहा वेळा घेतो आणि तेवढ्याच चहासाठी 500 रुपये मोजतो. शिवाय आठवड्याच्या अखेरीस तो उधारीवर जगत असल्याने, उधार देणारा शेजारचा दुकानदार सोडून दालनाची वाट धरणे त्याला परवडत नाही. जानेवारी 2023 पासून अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभार्थींना धान्य मोफत मिळू लागले, हा आधार खराच. पण तेल, चहा व साबण यांचा भार त्यांच्यावर कायम राहिला.

भाववाढ ही दरी रुंदावते. किरकोळ महागाईचा दर एप्रिल 2022 मध्ये 7.79 टक्के होता. ऑक्टोबर 2025 मध्ये तो 0.25 टक्क्यांवर उतरला. परंतु दर उतरणे म्हणजे भाव मागे जाणे नव्हे. चढण्याचा वेग मंदावला, एवढाच त्याचा अर्थ. मधल्या काळात ज्याची शिल्लक संपली, तो मोठ्या पुड्याकडून लहान पुड्याकडे सरकला. म्हणजे भाव वाढला तो वाढलाच. वर घाऊक खरेदीचा लाभही गेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

लहान पुड्यातील भाववाढ तर डोळ्यांना दिसतही नाही. बिस्किटांचा पाच रुपयांचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांचाच राहिला. उतरत गेले ते त्याचे वजन. सप्टेंबर 2025 मध्ये बिस्किटांवरील वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा काही उत्पादकांनी किंमत तीच ठेवून वजन वाढविले. वजन हीच खरी किंमत, याची ही कबुलीच नव्हे काय? तेलाचेही तसेच. एक लिटर तेल सुमारे 910 ग्रॅम भरते. त्याच्या शेजारी तशाच दिसणाऱ्या पिशवीत 800 किंवा 850 ग्रॅम असू शकते. उलट शांपूसारख्या काही वस्तूंची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते. सारांश, ‘मोठे ते स्वस्त’ आणि ‘सवलत ते स्वस्त’ हे दोन्ही नियम डोळे मिटून पाळण्याजोगे नाहीत. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत 2021 साली झालेल्या दुरुस्तीने ग्रॅम, किलो वा लिटरमागे पडणारी किंमत पुड्यावर छापण्याची तरतूद आली. छापील किमतीवर किती टक्के सूट, यापेक्षा हा बारीक आकडा अधिक प्रामाणिक असतो. शिक्षकांनी गणिताच्या तासाला दोन रिकामे पुडे फळ्याशेजारी मांडले, तरी पुष्कळ काम होईल.

परंतु केवळ सावधपणाने रोकड निर्माण होत नाही. त्यासाठी एकत्र यावे लागते. 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हा मार्ग दाखविला. शेजारच्या कुटुंबांचा संघ करावयाचा, गरजेची यादी एकत्र करावयाची, माल घाऊक आणून आपसांत वाटून घ्यावयाचा. आपल्याकडे महिलांचे बचत गट आहेत आणि पगारदारांच्या पतसंस्थाही आहेत. बचत गटाने कर्जाबरोबर महिन्याच्या तेल-डाळीचीही एकत्र खरेदी केली आणि पतसंस्थेने हंगामात त्यासाठी अल्पमुदतीचे खेळते भांडवल पुरविले, तर एकट्या हमालाला जे साधत नाही ते वीस हमालांना साधेल. हिशेब चोख ठेवणारा मनुष्य मात्र त्यांना हवा. आणि तो शिक्षक-कारकून वर्गातून मिळणे अवघड नसावे.

आपली ढकलगाडी भरताना मिळालेल्या सवलतीचे समाधान जरूर मानावे. मात्र ज्याला सवलतीची सर्वांत अधिक गरज आहे, त्याच्यापर्यंत ती सर्वांत कमी पोहोचते. ही बाजाराची रीत असेल. समाजाचीही तीच असावी, असे नाही.