पचनाचा कारभार पाहणारी चिनी प्लीहा

सन १२३२. उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या जिन घराण्याची राजधानी काइफेंग मंगोल सैन्याच्या वेढ्यात सापडली होती. वेढा उठला आणि शहरात साथ पसरली. शहराला बारा वेशी होत्या. एकेका वेशीतून रोज हजार ते दोन हजार प्रेतं बाहेर नेली जात आणि जवळजवळ तीन महिने हे असंच चाललं होतं, अशी नोंद ली दोंगयुआन या वैद्यांनी करून ठेवली आहे.

ली तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. प्रेतांच्या राशींइतकेच भोवतालच्या वैद्यांचे उपचारही त्यांना अस्वस्थ करत होते. बाहेरून थंडीवारा शरीरात शिरला आणि ताप आला, हे त्या काळचं रूढ निदान. म्हणून घाम काढणारी, कोठा साफ करणारी जालीम औषधं दिली जात आणि आधीच खंगलेला रोगी त्या औषधांनीच दगावे. लींनी विचारलं, अख्ख्या शहराला एकाच वेळी थंडी कशी बाधेल? त्यांना दिसत होतं ते वेगळंच. या माणसांनी वेढ्यात अर्धपोटी दिवस काढले होते, ती राबून थकली होती, भीतीने पोखरली होती. वेढा उठल्यावर ती एकदम पोटभर जेवली आणि कोसळली. आजार आतून आला होता. आतलं काय बिघडलं, याचं लींचं उत्तर होतं: प्लीहा आणि जठर. याच विचारातून १२४९ मध्ये त्यांचा ‘पी-वेइ लुन’ हा ग्रंथ तयार झाला. ‘पी’ म्हणजे प्लीहा, ‘वेइ’ म्हणजे जठर. चिनी वैद्यकात या ग्रंथाने एक स्वतंत्र परंपराच सुरू केली. काइफेंगची साथ प्लेगची असावी, असं आज काही इतिहासकारांना वाटतं. तसं असलं तरी उपाशी, थकलेल्या शरीराला आजार आधी गाठतो, हे लींचं निरीक्षण खोटं ठरत नाही.

पण प्लीहा का? आपण जिला पाणथरी म्हणतो तो हा अवयव पोटाच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असतो. लांबी साधारण बारा सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. सुमारे १२० दिवस काम करून थकलेल्या तांबड्या पेशी ती रक्तातून काढून टाकते, बिंबिका साठवून ठेवते आणि रक्तात शिरलेल्या जिवाणूंशी लढते. अन्न पचवण्यात तिचा काहीही वाटा नाही. आयुर्वेदानेही तिला रक्ताकडेच बसवलं. चरकसंहितेत रक्तवह स्रोतसांचं मूळ म्हणून यकृत आणि प्लीहा सांगितली आहेत. पचनाचा भार आहे तो जठराग्नीवर.

चिनी वैद्यकाने मात्र पचनाचा सगळा कारभार ‘पी’च्या हाती दिला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात शरीराची कल्पना एखाद्या राज्यासारखी आहे. हृदय हा राजा, आणि प्लीहा व जठर हे धान्याच्या कोठारांचे अधिकारी. जठर अन्न उतरवून घेतं, प्लीहा त्याचं सत्त्व काढून ते वर, फुप्फुस आणि हृदयाकडे पाठवते. त्या सत्त्वातून रक्त आणि ‘ची’, म्हणजे शरीर चालवणारी शक्ती, तयार होते. स्नायूंचा भरीवपणा, ओठांचा रंग, तोंडाची चव ही सगळी प्लीहेची खूण. रक्त वाहिन्यांतच राहावं, बाहेर झिरपू नये, हेही तिचंच काम. पंचतत्त्वांपैकी तिचं तत्त्व पृथ्वी, रंग पिवळा, चव गोड, आणि अति विचार हा तिचा घात करणारा भाव. काळजीने भूक मरते, हा अनुभव कोणाला नाही? चिनी वैद्यांनी त्या अनुभवाला शरीरात एक जागा दिली.

या प्लीहेचा मोठा शत्रू ओलावा. अंग जड होणं, पाय सुजणं, पोट फुगणं, शौचाला पातळ होणं, जिभेवर जाड थर बसणं, कडांवर दातांच्या खुणा उमटणं अशा तक्रारींची मोट चिनी वैद्य ‘प्लीहेची ची कमी’ या निदानात बांधतो. मग थंड आणि कच्चं खाणं बंद, गरम पेज सुरू. औषध म्हणून बहुधा ‘सि-जुन-त्सी’ हा चार द्रव्यांचा काढा दिला जातो. जिनसेंग आणि ज्येष्ठमध ही त्यांतली दोन द्रव्यं.

मग त्या वैद्यांनी शरीर उघडून पाहिलंच नव्हतं का? पाहिलं होतं. ‘नानजिंग’ या प्राचीन ग्रंथात प्लीहेचं वजन, लांबी, रुंदी दिली आहे आणि तिच्याजवळ अर्धा जिन (वजनाचं एक चिनी माप) भरणारा विखुरलेला मेदासारखा भाग असल्याचंही म्हटलं आहे. हे स्वादुपिंड असावं, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. स्वादुपिंडाचं शेपूट प्लीहेला जाऊन भिडतं आणि त्याचे पाचक रस अन्नाचं सत्त्व खरोखरच वेगळं करतात. म्हणून ‘पी म्हणजे प्लीहा अधिक स्वादुपिंड’ असं समीकरण बरेच जण मांडतात. मला ते पटत नाही. स्नायूंची ताकद, चिंता, सूज आणि रक्तस्राव एका सूत्रात बांधणारी ही कल्पना कोणत्याही दोन अवयवांत मावणारी नाही. चिनी वैद्यांनी आधी रोग्यांमध्ये एकत्र दिसणारी लक्षणं टिपली, मग त्यांना एका अवयवाचं नाव दिलं. ‘पी’ हे एका कामाचं नाव आहे. बरगडीखालच्या अवयवाशी त्याची सांगड घालायला गेलं की दोन्हींचं नुकसान होतं.

ग्रंथांतलं वर्णन खऱ्या अवयवांशी जुळतं का, हा प्रश्न चीनमध्येही उठला होता. १७९७ मध्ये एका साथीत दगावलेली, उथळ पुरलेली मुलं पाहून वांग छिंगरेन या वैद्यांनी जुन्या ग्रंथांतली अवयवांची वर्णनं ताडून पाहिली आणि १८३० मध्ये त्यातल्या चुका दाखवणारं पुस्तक प्रसिद्ध केलं. ‘पी’ची कल्पना तरीही टिकली, कारण ती शवविच्छेदनावर उभीच नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्या पारंपरिक वैद्यकाच्या प्रकरणात ‘प्लीहेची ची कमी’ या निदानालाही सांकेतिक क्रमांक मिळाला आहे. तो केवळ नोंदीसाठी आहे. उपचार गुणकारी ठरल्याची ती पावती नव्हे. त्या काढ्यातलं ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं, हेही रक्तदाबाच्या रुग्णांनी ध्यानात ठेवायला हवं.

ॲक्युपंक्चर किंवा चिनी औषधं देणाऱ्या कोणी ‘तुमची प्लीहा कमजोर आहे’ असं सांगितलं, तर ते पचन आणि थकव्याविषयी बोलत आहेत, असं समजा. प्रत्यक्ष प्लीहेचे आजार निराळे. वारंवार होणारा मलेरिया, थॅलेसेमिया, यकृताचा सिरॉसिस, काही रक्तकर्करोग यांत ती वाढते. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात ती लहानपणीच निकामी होऊ शकते. डाव्या बरगडीखाली जडपणा वाटत असेल, थोडं खाल्लं तरी पोट भरत असेल, अंगावर सहज काळेनिळे डाग पडत असतील, तर काढ्यावर थांबू नका. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. आणि ज्यांची प्लीहा शस्त्रक्रियेने काढली आहे किंवा सिकलसेलमुळे निकामी झाली आहे, त्यांनी न्यूमोकोकसची लस घेतली आहे ना, याची खात्री आपल्या डॉक्टरांकडे करावी. ताप आला तर त्यांनी एक दिवसही वाट पाहू नये.