न बोलणारा झटका

अर्धांगवायू म्हटले की वाकडे झालेले तोंड, लुळा पडलेला हात आणि वळलेली बोबडी डोळ्यांपुढे येते. पण येऊन गेला तरी ज्याला आला त्यालाही पत्ता लागत नाही, असाही एक झटका असतो. माणूस उसाला दारे धरत असतो, बाई भाकरी थापत असते आणि आत मेंदूतली एखादी बारीक रक्तवाहिनी बंद पडून वाटाण्याएवढा भाग मरून जातो.

मग ते कळत कसे नाही? मोठा पाट फुटला तर सारा गाव धावतो. कडेच्या एका सरीला पाणी पोचले नाही तर चार दिवस कुणाच्या ध्यानात येत नाही. तसेच हे. ती सरी हातापायाची वा वाचेची नसली म्हणजे बाहेर काहीच दिसत नाही.

बोस्टनचे डॉ. मिलर फिशर यांनी मृतांचे मेंदू तपासून अशा बारीक खळग्यांविषयी १९६५ साली सविस्तर लिहिले. आता एमआरआय यंत्राने ते जिवंतपणीच दिसतात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ पासून लोकांची तपासणी चालू आहे. तिथल्या दुसऱ्या पिढीतील, कधीही झटका न आलेल्या सुमारे २,००० माणसांचे मेंदू पाहिले, तेव्हा दहातल्या एकाहून थोड्या अधिक जणांत असा डाग सापडला. त्यांचे सरासरी वय होते ६२. हा अहवाल २००८ चा.

सर्वांत मोठा गुन्हेगार रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून माणूस स्वतःला धडधाकट समजतो. इकडे बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होत जातात. लोणचे, पापड, खारवलेली मिरची हे सारे धरून माणशी दिवसाला चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ पुरे. आपल्याकडे जेवताना वरून मीठ घ्यायची खोड आहे, ती आधी सोडावी. मधुमेह आणि विडी यांचाही वाटा मोठा. मिश्री लावणाऱ्या भगिनींनी रागावू नये, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तंबाखूतील निकोटीन रक्तदाब चढवते.

कधी दोष हृदयाचा असतो. ठोके अनियमित पडू लागले की आत रक्ताची गुठळी होते आणि तिचा कण मेंदूत जाऊन अडकतो. लहानपणी सांधेतापाने झडप बिघडलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. मानेच्या रक्तवाहिनीत साचलेली चरबीही असाच कण सोडते. झोपेत मोठ्याने घोरता घोरता श्वास थांबत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढलेल्यांतही हे डाग अधिक आढळतात. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले की ते वाढते. शाकाहारी घरात हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते. आणि आपण दूध डेअरीला घालून घरी कोरा चहा पितो! ब-१२ च्या गोळ्यांनी झटका टळतोच, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

एक डाग पडला म्हणून घाबरून जाऊ नये. पण हॉलंडमधील रॉटरडॅमच्या पाहणीत असे डाग असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला, आणि उघड झटक्याचाही धोका वाढलेला दिसला.

यासाठी प्रत्येकाने महागडी एमआरआय करण्याची गरज नाही. तिशी उलटलेल्या सर्वांनी उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर सुगीच्या धांदलीत किंवा बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये.