परतीचा आहेर : खडकी ते ओकायामा

खडकीचा आणि जपानचा संबंध विचारला, तर जुना खडकीकर मुळा रोडवरच्या वॉर सिमेट्रीकडे बोट दाखवतो. सोळाशेहून अधिक कबरी, एका मापाचे पांढरे दगड आणि कात्रीने छाटल्यासारखं गवत. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आणि मध्य भारतातल्या छावण्यांत, इस्पितळांत जे सैनिक गेले, त्यांच्या विखुरलेल्या कबरी इथे एकत्र आणल्या. त्या वर्षांत खडकीचं सगळं लक्ष पूर्वेला लागलेलं होतं. १८६९ पासून चालू असलेला इथला दारूगोळा कारखाना युद्धासाठी राबत होता आणि इथल्याच बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या कंपन्या ब्रह्मदेशच्या जंगलात जपान्यांशी लढत होत्या. जपान म्हणजे शत्रू, एवढीच ओळख.

पुण्यात आज जपान भेटतो तो वेगळ्या वेषात. रविवारी सकाळी इकेबानाची कार्यशाळा, शाळेच्या सुट्टीत ओरिगामी, बाल्कनीत बोन्साय. खडकी, औंध, दापोडीची पोरं जपानी भाषेच्या परीक्षांना बसतात आणि त्यातली काही टोकियोला नोकरीला जातात. हे सगळं छान आहे. पण कागद आणि फुलं शिकताना आपण त्यामागचा व्यवहार शिकत नाही, असं मला वाटत आलं आहे. जपानी घरात नुसती सुंदर म्हणून घडवलेली वस्तू त्या मानाने थोडी. बरीचशी कुणाला तरी द्यायची असते, कुणाकडून तरी आलेली असते, आणि तिची कुठेतरी नोंद असते. आहेराची वही ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजायला जपानी यावं लागत नाही.

पण वहीकडे जाण्याआधी ओकायामा या जपानी शहराबद्दल. पुणेकरांनी हे नाव ऐकलं ते सिंहगड रस्त्यावरच्या दहा एकरांच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान हे त्याचं दुसरं नाव. मराठी माणसं मात्र त्याच्या साठ वर्षं आधीच ओकायामात पोचली होती, खांद्यावर बंदूक घेऊन. शरणागतीनंतर जपानमध्ये जे राष्ट्रकुलाचं सैन्य गेलं, त्यातल्या ब्रिटिश-भारतीय डिव्हिजनचं मुख्यालय ओकायामाला होतं. तिच्यातल्या २६८ व्या ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर थिमय्या, पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले तेच. या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या गावांतून भरती झालेले हे जवान १९४६ मध्ये पश्चिम जपानात उतरले आणि १९४७ मध्ये मायदेशी परतले.

२९ जून १९४५ च्या पहाटे ओकायामावर आगबाँब पडले होते. दीड हजारांहून अधिक माणसं मेली, किल्ला जळाला, आणि किल्ल्यासमोरच्या कोराकुएन बागेतल्या इमारतीही गेल्या. ही बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये करायला घेतली आणि १७०० च्या सुमारास ती पुरी झाली. मधोमध हिरवळ, वळणं घेत जाणारा पाण्याचा पाट, चहाचा मळा, चक्क भाताचं खाचर आणि पाळलेले सारस. युद्धानंतर ती पुन्हा उभारताना सरदारांच्या काळात काढून ठेवलेली चित्रं नकाशासारखी वापरली गेली.

त्या मराठा जवानांना कुठल्या ओकायामाकराने चहा दिला असेल का? हुकूम तरी नाही असाच होता. राष्ट्रकुल सैन्याला सक्त ताकीद होती : जपान्यांशी वागणं औपचारिक ठेवायचं, त्यांच्या घरात पाऊल टाकायचं नाही, त्यांच्या घरगुती आयुष्यात भाग घ्यायचा नाही. ज्या समाजात परक्याच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नसतं, तिथे दारातच जायचं नाही! गंमत म्हणजे त्याच १९४६ साली अमेरिकेत रूथ बेनेडिक्ट यांचं ‘द क्रिसँथेमम अँड द सोर्ड’ प्रसिद्ध झालं. जपानी माणूस उपकाराची फेड कशी मोजतो यावर त्यात पानंच्या पानं आहेत, आणि लेखिकेने जपानात पाऊलही ठेवलेलं नव्हतं.

आता वहीकडे येऊ. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात एक काका किंवा आत्याचे यजमान टेबल लावून बसत. समोर लांबट वही. नाव, गाव, ‘रु. १०१’, ‘साडी १’, ‘पातेलं झाकणासह’. ही वही पुढची वीस वर्षं कपाटात जपली जाई. आहेर देणाऱ्याच्या घरात लग्न निघालं की ती उघडायची, त्यांनी काय दिलं होतं ते पाहायचं, मधल्या महागाईचा अंदाज घ्यायचा आणि आहेर ठरवायचा. जपानमध्ये अंत्यविधीच्या वेळी अशीच वही असते. येणारा माणूस पाकिटातून पैसे देतो, दाराशी बसलेले शेजारी किंवा ऑफिसातले सहकारी नाव, पत्ता, रक्कम लिहून घेतात. मग रिवाजाप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीनंतर प्रत्येकाला परतीची भेट जाते : चहा, टॉवेल, साखर, हल्ली तर भेटींचा कॅटलॉगच. किंमत साधारण आलेल्या रकमेच्या निम्मी.

निम्मीच का? पूर्ण परत केली तर हिशोब फिटला, आणि हिशोब फिटला की नातं ठेवायला कारण उरलं नाही. आपल्याकडे शंभरावर जो एक रुपया चढतो, त्याचं काम मला हेच वाटतं. शून्यावर संपणारी रक्कम मिटल्यासारखी दिसते. वरचा रुपया पुढच्या खेपेसाठी दार किलकिलं ठेवतो. जपानी लग्नाच्या पाकिटात नोटा विषम संख्येत घालतात, कारण सम संख्या दोघांत वाटून मोकळी होते. दोन्हीकडच्या आयाबायांना हे गणित कुणी शिकवलं नाही, पण ते चुकत नाही.

शेजारधर्मातही तेच. खडकी बाजारात काय किंवा रेंजहिल्सच्या क्वार्टर्समध्ये काय, दिवाळीचा फराळ मराठी घरातून तमिळ, मुस्लिम, ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जातो, आणि तो डबा रिकामा परत येत नाही. दुसरं काही नसेल तर मूठभर साखर घालतात. जपानमध्ये जुन्या घरांत लाखेच्या डब्यातून खाऊ आला, तर डबा धुऊन परत करताना त्यात थोडा कागद किंवा काडेपेटी ठेवत. आणि वस्तू हातात देतानाचं बोलणं ऐका. जपानी माणूस दोन्ही हातांनी पुडकं पुढे करतो आणि ‘अगदीच क्षुल्लक आहे’ असं पुटपुटतो. आपण ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणतो. घेणारा दोन्हीकडे आधी नको नको म्हणतो. समोर उघडून पाहण्याची घाई दोन्हीकडे असभ्य. हो, नापसंत साडी ‘देण्याघेण्याची’ म्हणून बाजूला काढण्याची आपली सोय तिकडेही आहे. जपानी कपाटांत साबणांचे आणि टॉवेलांचे न उघडलेले खोके अशाच पुढच्या प्रसंगाची वाट पाहत पडलेले असतात.

फरक आहे तो कारागिरीचा, आणि इथे मात्र आपण शिष्य व्हावं. जपानी भेटीवरचा कागद जवळून पाहा. वर उजव्या कोपऱ्यात लाल-पांढरी, चिमटीएवढी घडी असते आणि तिच्या मधोमध एक पिवळसर पट्टी. मुळात ती ठोकून लांबवलेल्या, वाळवलेल्या समुद्री शिंपल्याच्या मांसाची पट्टी होती. समुद्रातलं ताजं, शुभ काहीतरी सोबत दिलं ही त्यामागची भावना. आता बहुतेक वेळा ती नुसती छापलेली असते. मध्ये पीळ घातलेल्या कागदी दोऱ्यांची गाठ. मूल जन्मलं, परीक्षा पास झाली, तर सुटणारी फुलगाठ, कारण असा प्रसंग पुन्हा पुन्हा यावा. लग्नाला न सुटणारी निरगाठ, कारण ते एकदाच व्हावं. गाठीच्या वर प्रसंग, खाली देणाऱ्याचं नाव, कुंचल्याने. दुःखाच्या पाकिटावर ती कोपऱ्यातली घडी नसते, दोरे काळे-पांढरे असतात आणि शाई मुद्दाम पातळ केलेली, अश्रू पडून फिकटल्यासारखी. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावणारा आणि दुःखाच्या पत्राला ते चुकूनही न लावणारा माणूस हे पाकीट न वाचताही ओळखेल. मात्र आपण हल्ली हे सगळं ‘शुभेच्छा’ छापलेल्या चकचकीत पाकिटावर सोपवून मोकळे झालो आहोत.

फुरोशिकी या चौकोनी कापडाचं तर पुण्यात फारच कौतुक चाललेलं असतं. समोरासमोरची दोन टोकं वस्तूवर दुमडायची, उरलेली दोन वर आणून दुहेरी गाठ मारायची. बाटली असो की कलिंगड, ओढून धरलं की गाठ बसते आणि हवी तेव्हा बोटाने सुटते. २००६ मध्ये जपानच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर उतारा म्हणून त्याचा जोरदार प्रचार केला. कार्यशाळेत पैसे भरून ही गाठ शिकणाऱ्यांनी सवड काढून पुणे पुरालेखागारात एक चक्कर मारावी. पेशवे दफ्तराचे मोडी कागद तिथे कापडात बांधलेले आहेत आणि त्यांची मोजदादच रुमालांत होते : अमुक रुमाल, तमुक क्रमांक. त्या रुमालांत वस्त्रं, पोशाख, नजराणे, कुणाला काय दिलं आणि कुणाकडून काय आलं याचे हिशोबही आहेत. आहेराच्या वह्याच त्या, दरबारी मापाच्या.

ओकायामाच्या भेटींत फळाला मोठा मान आहे. तिथला पांढरा पीच झाडावर असतानाच, कोवळ्या फळाला एकेक कागदी पिशवी चढवून वाढवतात. ऊन थेट लागत नाही, म्हणून साल मऊ आणि दुधी राहते. तिथली मस्कत द्राक्षं १८८६ पासून काचघरात घेतात. उन्हाळ्यात वरिष्ठांना, शिक्षकांना, ज्यांनी लग्न जमवलं त्यांना फळांचे खोके जातात. मे महिन्यात साहेबांच्या घरी हापूसची पेटी पोचवणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आंब्याची जपानवारी मात्र सोपी नव्हती. फळमाशीच्या धास्तीने जपानने वीस वर्षं भारतीय आंबा अडवून धरला. २००६ मध्ये ती बंदी उठली, तीही एका अटीवर : फळ वाफेच्या उष्णतेत साडेसत्तेचाळीस अंशांवर वीस मिनिटं ठेवायचं. पेंढ्यात पिकलेल्या आंब्याचा वास ज्याला माहीत आहे, त्याला ही आंघोळ पटणं कठीण. पण पाहुण्या घरची शिस्त पाळावी लागते.

त्याच २००६ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांचं ओकायामा प्रांताशी मैत्रीचं नातं जुळलं. सिंहगड रस्त्यावरची बाग कोराकुएनवर बेतलेली आहे, आणि ‘पूर्वरंग’मधून मराठी वाचकाला जपान दाखवणाऱ्या पुलंचं नाव तिला मिळालं हेही योग्यच. तिथे भाताचं खाचर आणि सारस नाहीत. सारसांची गोष्ट मात्र सांगायला हवी. युद्धाच्या काळात कोराकुएनमधले सारस संपले होते. १९५६ मध्ये एक जोडी आली ती चीनमधून. पाठवली होती क्वो मोरुओ या लेखकाने, ज्याने तरुणपणी ओकायामात शिक्षण घेतलं होतं. ज्या देशाच्या सैन्याने चीन होरपळून काढला, त्या देशातल्या एका गावाला ही भेट. विद्यार्थी असताना खाल्लेल्या मिठाची वही त्याने वेगळी ठेवली असणार.

आपणही अशी एक भेट दिली. टोकियोच्या मुलांनी हत्ती हवा म्हणून पत्रं लिहिली आणि नेहरूंनी १९४९ मध्ये ‘इंदिरा’ नावाची हत्तीण उएनोच्या प्राणिसंग्रहालयात पाठवली. जपानशी झालेल्या १९५२ च्या तहात भारताने युद्धाच्या भरपाईवरचा हक्क सोडला. जपानने परदेशाला दिलेलं पहिलं येन-कर्ज १९५८ मध्ये भारतालाच मिळालं. राजनीतीचे अभ्यासक याची कारणं पोलादाच्या आणि लोहखनिजाच्या गरजेत शोधतील, आणि ती तिथे आहेतच. तरी आहेराच्या वहीत या नोंदी एकाखाली एक शोभतात. खडकीला वळसा घालणाऱ्या मुळा नदीपर्यंत हा सिलसिला आला आहे. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जानेवारी २०१६ मध्ये जपानच्या ‘जायका’ या सरकारी संस्थेशी सुमारे १९ अब्ज येनच्या कर्जाचा करार झाला, अकरा सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी. पुण्यात हिला सरळ ‘जायका योजना’ म्हणतात आणि ती रखडल्याबद्दल बोटं मोडतात. हे कर्ज आहे, आहेर नव्हे; व्याजासकट पुरतं फेडायचं, निम्म्यावर भागायचं नाही.

दोन्हीकडे आता कंटाळाही आला आहे. आपल्या पत्रिकांवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापून येतं आणि तरीही पर्समध्ये पाकीट असतं. जपानी कंपन्या पोकळ शिष्टाचार बंद म्हणून सहकाऱ्यांतल्या हंगामी भेटींना मनाई करतात. प्रवासाहून ऑफिससाठी खाऊ आणायची रीत मात्र सुटत नाही. ओकायामाहून येताना किबीदांगो आणतात, मोमोतारो या लोककथेतल्या नायकाचे लाडू. त्या लाडवांच्या बदल्यातच कुत्रा, माकड आणि फेजंट पक्षी राक्षसांशी लढायला त्याच्यासोबत निघाले. अशा खाऊत प्रत्येक नग वेगळ्या कागदात असतो, खोक्यावर संख्या छापलेली असते, म्हणजे माणशी एक बरोबर वाटता येतो. पुण्याहून जाणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. बाकरवडीची अर्ध्या किलोची पिशवी वीस टेबलांवर वाटायची कशी? अनुभवी मंडळी आता काजूकतलीचे सुटे तुकडे एकेक बांधून नेतात.

जपानमध्ये पैशाच्या पाकिटातही नवा पेच आहे. लग्नाला कोऱ्या नोटा द्यायच्या, अंत्यविधीला वापरलेल्या. कोरी दिली तर मरणाची वाट पाहून तयारीत बसला होता असा अर्थ निघतो. जुलै २०२४ मध्ये दहा हजार येनची नवी नोट आली, तिच्यावर उद्योगपती शिबुसावा एइइची यांचं चित्र आहे. त्यांच्या विवाहबाह्य संबंधांचे किस्से जपानात सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे ही नोट लग्नात द्यावी की नाही यावर तिथे वाद झाला आणि काहींनी फुकुझावा यांचं चित्र असलेल्या जुन्या, पण कोऱ्या नोटा शोधायला सुरुवात केली. टोकियोच्या एदोगावात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी खुशाल शिबुसावा द्यावेत. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले तेव्हा हेच गृहस्थ त्यांना भेटले होते, आणि त्याच वर्षी युरोपीय कंपन्यांची मक्तेदारी मोडत मुंबई-कोबे ही जपानी जहाजांची फेरी सुरू झाली. नोटा तेवढ्या तीन घालाव्यात, चार नकोत.