हात बसेपर्यंत

वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) इथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे आणि त्याच शिक्षणसंकुलात श्रीमती राधिकाबाई मेघे स्मृती नर्सिंग महाविद्यालय. वर्गाला लागून वॉर्ड असणं ही परिचारिकेच्या शिक्षणातली फार मोठी सोय, कारण अतिदक्षता विभागातलं काम नुसतं वाचून येत नाही.

एक सक्शनच घ्या. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या श्वासनळीतला कफ ओढून काढायचा. सक्शनची नळी श्वासनळीत घातलेल्या ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको. आधी अर्धा-एक मिनिट 100 टक्के ऑक्सिजन द्यायचा. नळी आत सरकवताना ओढ बंद, बाहेर काढताना चालू. हे 15 सेकंदांत आटपायचं, कारण त्या वेळात रुग्णाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. नजर मॉनिटरवर हवी. ठोके मंदावले की थांबायचं.

हे शिकवायची जुनी, खात्रीची रीत म्हणजे रिटर्न डेमॉन्स्ट्रेशन. आधी शिक्षिका करून दाखवतात, मग विद्यार्थिनी मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, तेच करते आणि चेकलिस्टवर एकेक पायरी तपासली जाते. परीक्षेसाठी ‘ऑस्की’ आहे, रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथून मांडलेली. घंटा झाली की पुढच्या टेबलावर नवं काम; सगळ्यांना तीच कामं, तेवढाच वेळ, तीच गुणपत्रिका. परीक्षकाच्या मर्जीला त्यात फारसा वाव उरत नाही, हे मला तिचं सर्वांत मोठं बळ वाटतं.

तरीही मॅनिकिनचे नातेवाईक दाराशी ताटकळत नसतात. आणि खऱ्या वॉर्डात रात्री दोनला डॉक्टरांना फोन करून ‘पेशंट बरा वाटत नाही’ एवढंच सांगून भागत नाही. काय घडलंय, आधीचा आजार कोणता, माझा अंदाज काय, तुम्ही काय करावं, हे चार मुद्दे याच क्रमाने सांगायला शिकवतात. ‘एसबार’ नावाची ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. ती अंगवळणी पडते ती मुरलेल्या सिस्टरच्या शेजारी उभं राहून. डायलिसिस असो की नवजात शिशूंचा विभाग, नव्या मुलीला अशी एक सिस्टर नेमून देण्याला प्रिसेप्टरशिप म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्या पद्धतींत हीच खरी. मात्र त्या सिस्टरकडे नेहमीइतकेच रुग्ण ठेवले तर ती शिकवणार कधी? ड्युटी लावतानाच तिचे रुग्ण कमी केले पाहिजेत.