गुणसूत्राला टोचणारी सुई

माणसाच्या पेशीत गुणसूत्रे ४६, हे आज शाळेतली पोरेही सांगतात. पण हा आकडा पक्का झाला तो १९५६ मध्ये, जो हिन चिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांच्या निबंधाने. तोवर पुस्तके बिनदिक्कत ४८ छापत होती. नुसते मोजायलाच एवढा काळ लागला, मग ती मऊ की टणक, हे विचारायला आणखी काही दशके गेली यात नवल नाही.

अडचण प्रकाशाची. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील सुटासुटा दिसत नाही आणि गुणसूत्रातला प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनएचा धागा जेमतेम ११ नॅनोमीटरचा. नेहमीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला तो दिसतो, पण त्यासाठी नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो. ओले गुणसूत्र तिथे टिकत नाही.

१९८६ मध्ये बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप जगापुढे मांडला. (बिनिग यांना त्याच वर्षी नोबेल मिळाले, पण ते आधीच्या, टनेलिंग मायक्रोस्कोपसाठी.) या यंत्रात पाहण्याचे काम भिंग करत नाही, सुई करते. केसाच्या जाडीच्या एक-दोन पट लांबीची एक लवचीक पट्टी, तिच्या टोकाला काही नॅनोमीटरचे अणकुचीदार टोक. पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण पडतो. टोक उंचवट्यावर चढले की पट्टी वाकते, किरण सरकतो आणि संवेदक ते टिपतो. ओळीमागून ओळ फिरवत गेले की पृष्ठभागाचा उंचसखल नकाशा तयार. हे सगळे द्रवातही करता येते, हीच खरी मेख.

नकाशाने भागत नसेल तर दाबायचे. पट्टी किती वाकली यावरून बळ कळते, टोक किती रुतले यावरून मऊपणा.

आता नमुन्याकडे या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवायच्या, कोल्चिसीनने विभाजन ऐन मध्यात रोखायचे, पातळ क्षाराच्या द्रावणात पेशी फुगवायच्या, मग तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग अ‍ॅसिटिक आम्लात त्या स्थिर करून काचपट्टीवर थेंब सोडायचा. पेशी पसरते, गुणसूत्रे सुटी होतात आणि वाळतात. गोची इथेच आहे. वाळलेल्या गुणसूत्राची चित्रे देखणी येतात. जर्मनीतल्या संशोधकांनी गुणसूत्र रंगवल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यांच्या जागी खरोखरचे उंचवटे आणि चर असल्याचे दाखवले, सुईनेच गुणसूत्राचा तुकडा कापून त्यातला डीएनएही वाढवला. पण वाळल्या नमुन्यावरून लवचीकता सांगणे म्हणजे कोरडी शेवई दाबून शिजलेल्या शेवईचा मऊपणा सांगणे. पाण्यात परत भिजवले की तेच गुणसूत्र फुगते आणि कितीतरी मऊ होते. म्हणून या विषयावरच्या निबंधात मी आधी नमुना कसा तयार केला ते वाचतो, आकडा नंतर.

शिवाय दाबणे आणि ओढणे एकच नव्हे. सुई एका ठिकाणचा पृष्ठभाग सांगते, अख्ख्या गुणसूत्राचा ताण नाही. त्यासाठी बारीक काचनळ्यांच्या टोकांत गुणसूत्र धरून ओढतात. सॅलमँडरच्या जातीतल्या न्यूटचे गुणसूत्र मूळ लांबीच्या सुमारे पाचपट ताणूनही सोडल्यावर पूर्ववत होते. २००२ मध्ये पॉयरिअर आणि मार्को यांनी असे धरलेले गुणसूत्र डीएनए कापणाऱ्या विकराच्या फवाऱ्याखाली आणले, तर ते चक्क विरघळले. आत प्रथिनांचा सलग सांगाडा असता तर डीएनए तुटूनही तो उरला असता. उरले काहीच नाही. म्हणजे गुणसूत्राला आकार देते ते जागोजागी बांधलेल्या डीएनएचे जाळे. प्रथिने फक्त गाठी मारतात. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष, आणि तो सुईने नव्हे, ओढण्याने हाती आला.

रुग्णालयातली गुणसूत्र-तपासणी मात्र आजही गिम्सा रंगाने उठवलेल्या पट्ट्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली वाचूनच होते. सुईचे यंत्र अजून संशोधनाच्या प्रयोगशाळेतच आहे.