शहाजीराजांचा उदय

फलटणहून पंढरपुराकडे जाणाऱ्या वाटेवर नातेपुते हे गाव आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथे मुक्काम करते, त्यामुळे त्याचे नाव घरोघर परिचित आहे. परंतु या गावी उभे राहून सभोवार दृष्टी टाकली, तर भोसले घराण्याच्या पूर्वेतिहासाचीही आठवण होते. पश्चिमेस डोंगरावर भोसल्यांचे कुलदैवत शिखर शिंगणापूर आहे. त्यापलीकडे निंबाळकरांचे फलटण. आणि ईशान्येस नीरा ओलांडली की इंदापूर. वेरूळच्या मालोजी भोसल्यांनी निंबाळकरांची कन्या केली, शिंगणापुरास यात्रेकरूंसाठी तलाव बांधविला, आणि निजामशाहीच्या चाकरीत असता इंदापूरच्या लढाईत ते पडले. त्या वेळी त्यांचा थोरला मुलगा शहाजी अजाण होता. पुढे याच पोरक्या मुलाने एक बादशाही आपल्या बळावर तीन वर्षे उभी धरली. हे कसे घडले?

याचे पहिले कारण त्या काळच्या लष्करी व्यवस्थेत सापडते. सरदाराला मुलूख तोडून दिलेला असे व त्याच्या उत्पन्नातून तो आपली घोडी व माणसे पोशी. शिपायाचे अन्न बादशहाकडून नव्हे, तर सरदाराच्या हातून येई. म्हणून त्याची निष्ठाही सरदारापाशीच राही. मालोजी गेले तरी पुणे-सुपे प्रांताची जहागीर आणि तिच्यावर पोसलेली माणसे घराण्याकडे राहिली. चुलते विठोजी यांनी मुलांचा सांभाळ केला. सिंदखेडच्या लखुजी जाधवांची कन्या जिजाबाई ही शहाजीस दिली गेली, तेव्हा एका बलाढ्य घराण्याशी सोयरीकही जुळली.

दुसरे कारण राजकीय होय. इ. स. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. तथापि मलिक अंबराने निजामशाही पुन्हा सावरली ती मराठ्यांच्या चपळ घोडदळाच्या आधाराने. उत्तरेस मोगल, दक्षिणेस आदिलशाही आणि मध्ये निजामशाही, अशा तिघांच्या झगड्यात ज्याच्यापाशी स्वतःचे पथक असे, त्याची गरज प्रत्येकालाच होती. १६२४ साली भातवडीस मलिक अंबराने तलावाचे पाणी सोडून मोगल व आदिलशाही छावणीची दैना केली आणि त्यांचा पराभव केला. त्या युद्धात तरुण शहाजीचा पराक्रम दिसून आला. परंतु धाकटा भाऊ शरीफजी रणात पडला.

यानंतरचा काळ चाकरी बदलण्याचा आहे. शहाजी आदिलशाहीत गेला, पुन्हा निजामशाहीत आला. १६२९ मध्ये निजामशहाने भर दरबारात लखुजी जाधवांचा घात करविला, तेव्हा शहाजी मोगलांस मिळाला. आणि आपली जहागीर दुसऱ्यास दिली गेलेली पाहून त्यांनाही त्याने सोडले. यास केवळ चंचलपणा म्हणणे सोपे आहे. पण ज्या दरबारात जिवाची शाश्वती नाही आणि जहागिरीचीही नाही, त्याच्याशी कोणता सरदार बांधलेला राहील?

१६३३ साली दौलताबाद पडले आणि निजामशहा मोगलांच्या कैदेत गेला. तेव्हा शहाजीने पेमगिरीच्या किल्ल्यावर त्याच वंशातील मूर्तझा नावाचा मुलगा गादीवर बसविला व त्याच्या नावाने कारभार हाती घेतला.

चीनच्या इतिहासात याला जुळणारे एक उदाहरण आहे. हान राजवंश मोडकळीस आला असता सुन जिएन हा सेनानी १९१ च्या सुमारास लढाईत मारला गेला. त्याचा पुत्र सुन त्से याने युआन शू नावाच्या प्रबळ सरदाराची चाकरी धरून बापाची काही माणसे परत मिळविली आणि यांगत्से नदीपलीकडचा मुलूख जिंकला. धन्याने स्वतःस सम्राट म्हणविताच तो त्याच्यापासून फुटला. इ. स. २०० मध्ये, पंचविशीतच, तो मारेकऱ्यांच्या हातून घायाळ होऊन मेला. परंतु यांगत्सेसारख्या विशाल नदीची आड असल्याने त्याचा मुलूख टिकला, आणि धाकटा भाऊ सुन च्युआन २२९ मध्ये तेथे सम्राट झाला.

शहाजीच्या वाट्यास अशी आड आली नाही. भीमा व नीरा उन्हाळ्यात पायी उतरता येतात, आणि त्याचा मुलूख तिन्ही सत्तांच्या मार्गात होता. १६३६ साली शहाजहान स्वतः दक्षिणेत आला; मोगल व आदिलशहा यांचा तह होऊन त्यांनी निजामशाही वाटून घेतली. दोन सत्ता भांडत असेपर्यंत मधल्या सरदारास जागा होती. त्या एक होताच ती संपली. माहुलीच्या वेढ्यात शहाजीस बालराजा मोगलांच्या हवाली करावा लागला, आणि तो आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकाकडे गेला.

मात्र पुण्याची जहागीर त्याच्या नावे राहिली. दुसऱ्याच्या वंशातील मुलाला गादीवर बसवून राज्य चालविण्याचा प्रयत्न फसला होता. ती छोटी जहागीर मात्र पुत्राच्या कामी आली. १६६४ साली कर्नाटकात होदिगेरे येथे शहाजीराजे निवर्तले. त्यानंतर दहा वर्षांनी रायगडावर शिवाजी महाराज सिंहासनावर बसले, ते कोणाही बादशहाच्या नावाने नव्हे, स्वतःच्या.