कुलूप आणि कुतूहल

परक्याची तिजोरी उघडणारा तो चोर, ही आपली साधी समजूत आहे. त्यामुळे तिजोरीचे कुलूप आकडे ठाऊक नसताना उघडणे हा एखाद्या सभ्य गृहस्थाचा छंद असू शकतो, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम संशय उभा राहतो. पाश्चात्त्य देशांत मात्र अनेक सुशिक्षित माणसे हा छंद जोपासतात. तो बुद्धिबळाइतकाच निरुपद्रवी आहे आणि बुद्धिबळाहून अधिक चिकाटी मागणारा आहे.

आकड्यांच्या कुलपात एका आसावर सामान्यतः तीन चकत्या बसविलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या कडेला एक खाच असते. बाहेरची तबकडी ठराविक आकड्यांवर उलटसुलट फिरविली की तिन्ही खाचा एका रेषेत येतात. त्यांवर टेकलेली पट्टी मग खाचांत उतरते आणि अडसर मागे ओढला जातो. तबकडीवर १०० विभाग असतात. म्हणजे तीन आकड्यांच्या १० लाख जुळण्या झाल्या. एकेक करून त्या पाहू म्हटले तर महिनेच्या महिने लोटतील.

परंतु गणित निर्दोष असले तरी पोलाद निर्दोष नसते. तिन्ही चकत्या तंतोतंत सारख्या कातणे कोणत्याही कारखान्याला साधत नाही. त्यामुळे पट्टी तिघींपैकी जी केसभर उंच असेल तिच्यावर टेकते. तबकडीला जोडलेल्या आणखी एका चाकात रुंद खाच असते. पट्टीच्या दांड्याचे टोक या खाचेच्या दोन्ही कडांना कोठे लागते, हे तबकडी हळूच फिरविणाऱ्या बोटांना कळते. उंच चकतीची खाच पट्टीखाली आली की पट्टी किंचित खाली बसते आणि त्या दोन स्पर्शांतील अंतर थोडेसे कमी होते. हा फरक पुष्कळदा एका विभागाच्या चतुर्थांशाहूनही कमी असतो. अभ्यासक अडीच-अडीच विभागांनी पुढे सरकत ४० ठिकाणी हे अंतर टिपतो आणि त्याचा आलेख काढतो. आलेख जेथे दबतो तेथे एक आकडा दडलेला असतो. तो कोणत्या चकतीचा हे ठरवून उरलेल्या चकत्यांसाठी पुन्हा तोच प्रयोग करावयाचा. चित्रपटातील चोर दाराला कान लावतो. येथे काम आहे ते बोटांचे, कागदाचे आणि पेन्सिलीचे.

या छंदाचा सर्वांत प्रसिद्ध उपासक म्हणजे १९६५ साली नोबेल पारितोषिक मिळविणारा अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्ता रिचर्ड फाइनमन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो लॉस अलामोस येथे अणुबाँबच्या कामावर होता. तेथील गुप्त कागदांच्या कपाटांना आकड्यांची कुलपे होती. त्याच्या ध्यानी आले की आकडा दोन विभागांनी चुकला तरी कुलूप उघडते. तेव्हा दर चकतीला २० आकडे तपासणे पुरते आणि १० लाखांचे ८,००० होतात. शिवाय कपाट उघडे असताना सहज चाळा केल्यासारखी तबकडी फिरविली तर शेवटचे दोन आकडे बोटांना समजतात. मग बाकी राहिले अवघे २० प्रयत्न! पुढे एका सहकाऱ्याची कपाटे त्याने २७-१८-२८ या आकड्यांनी उघडली. गणितातील एका सुविख्यात स्थिरांकाचे हे पहिले सहा अंक होत. कारखान्याने घातलेले मूळचे आकडे कित्येकांनी बदललेलेच नव्हते, हेही त्याला आढळले.

त्याने पुढे आपल्या आठवणींत सांगितलेली एक हकीकत विशेष मननीय आहे. ओक रिज येथील एका कर्नलची तिजोरी त्याने त्याच्या डोळ्यांदेखत उघडून दाखविली आणि काम चालू असताना कपाटे उघडी टाकण्यात धोका आहे, हे समजावून दिले. काही काळाने तो पुन्हा तेथे गेला तेव्हा सर्वांना एक सूचनापत्र गेलेले होते. मागील भेटीत फाइनमन ज्यांच्या खोलीत अथवा खोलीजवळ आला होता, त्यांनी आपल्या कुलपाचे आकडे बदलावेत! कपाटे उघडी ठेवण्याची सवय तशीच राहिली. धोका ठरला तो दोष दाखविणारा मनुष्य.

शासनाच्या कोणत्याही कचेरीत हे घडू शकते. उणीव दाखविणारावर रोष धरणे सोपे असते. उणीव दूर करावयाची तर रोजच्या सवयी मोडाव्या लागतात. कुलूपकारांनी मात्र दुसरा मार्ग धरला. या विद्येला तोंड देऊ शकतील अशी कुलपे त्यांनी घडविली. अमेरिकेत सर्वांत वरच्या प्रतीच्या आकडी कुलपाने निष्णात माणसाच्या हातीही २० तास टिकावे, अशी कसोटी लावली जाते.

छंदी मंडळींनीही आपली मर्यादा आखून घेतली आहे. स्वतःच्या मालकीचे किंवा मालकाने अनुमती दिलेले कुलूप तेवढेच उघडावयाचे, आणि कुणाच्या नित्य वापरात असलेल्या कुलपाला हात लावावयाचा नाही. हा नियम पाळणाऱ्याला त्या तिजोरीतून काही घ्यावयाचे नसते. बहुधा ती रिकामीच असते. मनुष्याने घडविलेली वस्तू कोठे उणी पडते हे शोधून काढण्याचा आनंद, हीच त्याची मिळकत. ज्यांच्या हाती समाजाच्या किल्ल्या आहेत, त्यांनी अशा जिज्ञासूला दाराबाहेर उभे न करता त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, यातच त्यांचे हित आहे.